जिन्यावरची बाई

१

ताई कवळ्या करायची. शहरातले दातांचे डॉक्टर तिच्याकडे मापं पाठवत. ती प्लास्टरचे जबडे ओतायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चकाकवायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ताईचं दातांवरच भरत होतं. नाव तिलाही होतं, पण घरात, जिन्यात, दवाखान्यात सगळे ताईच म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

तिचं कामाचं टेबल मागच्या खोलीत, खिडकीशी. त्या खोलीच्या बरोबर खाली काकांची बैठकीची खोली. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलं लांब. दुपारचं जेवण झालं की त्यांना दुसरा उद्योग नव्हता. ते तो पिक्चर लावत.

तो म्हणजे खुनाचा, काळा-पांढरा, जुना. काढला तेव्हा काका कॉलेजात होते. त्यात खुनी कोण हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, तरी लोक बघतात. टीव्हीवर लागला की बघतात, नातवंडांना मांडीवर घेऊन बघतात, तोंडानं संवाद म्हणत बघतात. कशासाठी, तर त्यातल्या एका जिन्यासाठी. एक बाई रिकाम्या घरात शिरते. फोन वाजत असतो, तो थांबतो. ती लाकडी जिना चढते, वरच्या खोलीचं दार ढकलते, विचारते, "कोण आहे?" आणि दारामागून काळे हातमोजे घातलेले दोन हात येऊन तिचा गळा धरतात. मग ती किंकाळी. त्या किंकाळीवर लोकांचा इतका जीव, की काहींनी ती फोनला लावून घेतली होती. भाजीच्या दुकानात कुणाच्या खिशातून ती बाई मरायची, आणि तो माणूस हसत हसत फोन उचलायचा.

ती बाई म्हणजे ताईची आई.

ताईनं पिक्चर कधी पाहिला नव्हता. पण खालून ऐकून ऐकून तो तिला तोंडपाठ झाला होता. फोन थांबला की तिच्या हातातली मेण कापायची सुरी थांबायची. पावलं चढायला लागली की तिचा जबडा आवळायचा. किंकाळी होऊन व्हायोलिनं सुरू झाली की ती पुन्हा सुरी उचलायची, आणि पुढचा दात हमखास वाकडा बसायचा.

त्या दुपारी फोन थांबला. पावलं चढली. कडी वाजली. "कोण आहे?"

आणि पुढं काही नाही. किंकाळी नाही, व्हायोलिनं नाहीत. ताई सुरी हातात धरून बसून राहिली. खाली काहीच वाजत नव्हतं, पण बंद केल्यावर होते तशी ती शांतता नव्हती. पिक्चर चालू होता, त्यातली खोली गप्प होती.

मग पावलं वाजली. चढणारं पाऊल आणि उतरणारं पाऊल कुणालाही ओळखू येतं. उतरणारं जड पडतं. ही उतरत होती.

'पिक्चरची तबकडी खराब झाली असेल,' ताई स्वतःला म्हणाली. 'म्हाताऱ्यानं मागंपुढं केलं असेल.' डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं असंच म्हणायचं असतं.

२

आईचा खरा आवाज ताईनं तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता, असं म्हटलं तरी चालेल. तिला आठवते ती आई घोगरी. कापड फाटावं तसं बोलायची, तेही थोडंच. हाक मारायची असेल तर भांड्यावर चमचा वाजवायची. गळ्याशी काही चालायचं नाही तिला. ना माळ, ना मफलर, ना बंद गळ्याचा स्वेटर. ताई लहानपणी लाडानं मागून गळ्यात पडली होती, तर आईनं तिला झटकून भिंतीवर आपटलं होतं आणि मग तासभर कुशीत घेऊन बसली होती.

कारण तिनं एकदाच सांगितलं, ताईला समजायला लागल्यावर. ते हातमोज्यातले हात त्या नटाचे नव्हते. आईची किंकाळी खोटी वाटते म्हणून दिग्दर्शकानं नटाला बाजूला केलं, स्वतः हातमोजे चढवले आणि दारामागं जाऊन उभा राहिला. आईला कुणी सांगितलं नाही. त्यानं गळा धरला तो धरलाच, अगदी खरा. लोकांनी सोडवलं तेव्हा ती खाली पडलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर झाले, औषधं झाली. घोगऱ्या नटीला काम कोण देणार? तिनं एका शाळेच्या कचेरीत टंकलेखन केलं आणि दोन पोरं वाढवली.

म्हणजे आईचा खरा, धडधाकट आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. "कोण आहे?" आणि ती किंकाळी. यापेक्षा मोठी चोरी कुठली असेल ते ताईला ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. झोपेत, शांतपणे. दुसऱ्याच आठवड्यात काकांनी पिक्चर लावला होता.

त्या बिघडलेल्या दुपारनंतर दोन दिवस खाली काही वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला, थांबला. पावलं चढली. कडी वाजली.

"कोण आहे?"

ताईच्या हातातून मेणाचा जबडा पडला. शब्द तेच होते. आवाज घोगरा होता.

३

काकांनी दार उघडलं ते जरासंच.

"काका, काय लावलंय तुम्ही?"

"तेच. रोजचंच." त्यांच्या तोंडात ताईनंच केलेली कवळी होती. ती आज नीट बसत नसल्यासारखे ते जबडा हलवत होते. "ये आत. तू तरी बघून सांग."

"मी बघत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मग तिथंच उभी राहा. पण जाऊ नकोस, पोरी."

ती टीव्हीकडं पाठ करून उंबऱ्यात उभी राहिली. समोर काकांचा चेहरा. त्यांनी तो भाग पुन्हा लावला. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. या माणसानं आपल्या आईला किती वेळा मरताना पाहिलं असेल, तेही चहाचे घोट घेत, या विचारानं ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, याच्या तोंडातली कवळी काढून घ्यावी.

पावलं चढली. तो घोगरा प्रश्न आला. आणि काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तोंड उघडं पडलं. मागं पावलं वाजायला लागली. ती वरून खाली येत होती, आणि खाली आल्यावरही थांबली नाही. लाकूड संपलं, फरशी लागली. पावलं मोठी होत गेली. ताईच्या मानेवरचे केस उभे राहिले. मागं वळावं की वळू नये याचा निर्णय होईना.

काकांनी टीव्हीचं बटण दाबलं नाही, सरळ वायर उपटली.

"ती खाली येते," ते म्हणाले. "रोज थोडी जास्त येते. आज तर इकडंच..." ते थांबले. "तुझी आई शेवटी शेवटी कशी दिसायची, ताई? केस सगळे पांढरे?"

"हो."

"हं."

त्यांनी तबकडी काढून तिच्या हातात कोंबली आणि एकदम तडकले. "घेऊन जा हे. पन्नास वर्षं बघतोय मी हा पिक्चर. आमची ही गेली त्या दिवशीसुद्धा पाहिला. एवढी एक गोष्ट होती जिच्यात काय होणार ते मला ठाऊक होतं. काय केलंत तुम्ही लोकांनी त्याला?"

"आम्ही?" ताई म्हणाली. "आमच्या आईला मारून मारून तुमचं पोट भरलं नाही, आणि आता ती मरत नाही म्हणून तक्रार करताय?"

काकांनी दार लावलं. आतून कडी, मग वरची कडी, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज.

४

तबकडी तिनं कचऱ्यात टाकली. घडलं त्याचा ती दोन दिवस विचार करत राहिली. म्हातारा एकटा, त्याला भास होत असतील. आपणही दिवसभर प्लास्टरच्या धुळीत, रात्री झोप नाही, आई जाऊन वर्ष नाही झालं. घोगरा आवाज कानातच होता, तो बाहेर ऐकू आला. सगळं जुळत होतं. फक्त काकांना पांढऱ्या केसांबद्दल विचारायची काय गरज पडली, हे जुळत नव्हतं.

अशात तिचा धाकटा भाऊ आला. घरात त्याला बाळ्या म्हणत. आता त्याला ढेरी होती आणि टक्कल, तरी बाळ्याच. मोठ्या थिएटरात त्या पिक्चरचा खास खेळ होता. स्वच्छ केलेली नवी प्रत, दुपारचा शो, दिग्दर्शक स्वतः येणार होता. नव्वदीला टेकला होता, पण ताठ होता म्हणे. आईची मुलं म्हणून या दोघांना बोलावलं होतं.

"मी येत नाही," ताई म्हणाली.

"ताई, आईला मान मिळतोय."

"मान? मान त्यानं दाबली होती, बाळ्या."

"तू हे कुठंही बोलू नकोस हं. जुन्या गोष्टी आहेत. तेव्हा तशीच कामं व्हायची." बाळ्या खुर्चीच्या टोकावर बसला. "माझ्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे की ती माझी आई. कुणाच्या आईला लोक इतकी वर्षं लक्षात ठेवतात, सांग ना? आपल्याकडं तिचं दुसरं आहे काय?"

त्याच्या अंगावर ओरडावं असं ताईला वाटलं, आणि तो खोटं बोलत नाहीये हेही कळलं. त्याला आईचा अभिमान बाळगायला ती मरतानाचा एवढाच तुकडा मिळाला होता.

"येते," ती शेवटी म्हणाली. "त्याला तोंडावर एक वाक्य बोलायचंय. मग मी गेले."

"कुठलं वाक्य?"

"तुला ऐकू येईलच."

५

थिएटर भरगच्च होतं. बाहेर पांढरं ऊन, आत जाड पडदे, लाल खुर्च्या, उठलं की खट् करून वर मिटणाऱ्या. ताई आणि बाळ्या तिसऱ्या रांगेत, कडेला. पहिल्या रांगेत दिग्दर्शक. शेजारची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली. तिला टेकून त्याची काठी.

त्याला बोलायला उभं केलं. आवाज अजून खणखणीत.

"लोक मला विचारतात, या पिक्चरचं रहस्य काय," तो म्हणाला. "रहस्य काही नाही. एक किंकाळी आहे. बाकी सगळं विसरलात तरी ती विसरत नाही तुम्ही. का? कारण ती खरी आहे." तो थांबला, लोकांना ताटकळत ठेवणं त्याला येत होतं. "बिचारीला मी सांगितलंच नव्हतं. मीच होतो दारामागं." त्यानं आपले दोन्ही हात वर करून दाखवले. म्हातारे, डाग पडलेले, बोटं जराशी वाकवलेली.

सभागृह हसलं. मग टाळ्या. बाळ्यासुद्धा हसला आणि मग त्यानं ताईकडं पाहिलं.

ताई उभी राहिली होती.

"तिचा आवाज गेला," ती म्हणाली. "जन्मभरासाठी गेला. तुम्ही एकदा तरी विचारायला आलात का?"

पण तिच्या हातात माइक नव्हता, आणि टाळ्या चालू होत्या. पुढच्या दोघातिघांनी वळून पाहिलं, हसून माना हलवल्या. कुणीतरी चाहती असेल. "बसा हो, सुरू होतंय," मागून आवाज आला. दिवे गेले. ताई अंधारात उभीच होती. संतापानं तिचे डोळे भरून आले. बाळ्यानं तिला हाताला धरून खाली बसवलं.

"झालं ना बोलून?" तो कुजबुजला. "आता बघ तरी एकदा तिला."

६

आणि ताईनं पाहिलं.

आई आताच्या ताईहून लहान होती. पोरच म्हणायची. मान उंच, उघडी, आणि चालण्यात असं काही, की घरात वावरलेल्या त्या गप्प बाईत ताईनं ते कधीच पाहिलं नव्हतं. फोन थांबला. सगळ्या सभागृहानं श्वास रोखला. ती जिना चढायला लागली. कठड्यावरचा हात, पायरीवरची सावली. खरंच, काय टिपलं होतं ते! ताईला राग आला, कारण ते सुंदर होतं.

कडी वाजली. दार ढकललं.

"कोण आहे?"

घोगरा. मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "आवाज बिघडवला यांनी."

बाई उंबऱ्यावर थांबली. दाराआड जिथं ते हात असणार तिकडं तिनं मान वळवली आणि नुसतं पाहिलं. बराच वेळ. मग ती मागं फिरली आणि जिना उतरू लागली. प्रत्येक पायरीला तिचे केस थोडे अधिक पांढरे दिसत होते. की तो वरच्या खिडकीचा उजेड होता, ताईला सांगता आलं नसतं. तळाशी आली, चौकटीच्या कडेला आली, आणि बाहेर गेली.

पडद्यावर रिकामा जिना राहिला. वर अर्धवट उघडं दार.

"नवीन प्रत आहे ना," बाळ्या कुजबुजला. "काहीतरी वेगळं घातलंय वाटतं."

ताईचं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं, कारण तिकडं खुर्ची करकरली होती. काठी टेकवलेली, रिकामी खुर्ची. काठी खाली पडली. अंधारात आता तिथं एक डोकं दिसत होतं. मागं बांधलेला लहानसा अंबाडा. दिग्दर्शकानं तिकडं मान वळवली. त्याला काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण त्यानं कान जवळ नेला, आपण हळू बोलणाऱ्या माणसाकडं नेतो तसा. मग पडद्यावर वीज चमकली, सगळं सभागृह पांढरं होऊन पुन्हा काळं झालं, आणि त्या काळ्यात दोन खुर्च्या मिटल्या. खट्. खट्.

बाजूच्या दाराचा पडदा उचलला गेला. बाहेरच्या उन्हाची एक पट्टी आत पडली आणि त्या पट्टीत एक पाठ दिसली, थोडी वाकलेली, उघड्या मानेची. कुणाला काही न सांगता घरी निघालेल्या बाईची असते तशी. तिनं मागं पाहिलं नाही.

ताई अर्धी उठली. "आई," ती म्हणाली, किंवा म्हणाली असावी.

तेवढ्यात सभागृहात हशा पिकला, आणि मग टाळ्या. तिनं पडद्याकडं पाहिलं.

जिन्याच्या तळाशी एक म्हातारा उभा होता. उजेडानं दिपल्यासारखा डोळ्यांवर हात धरून तो इकडं, लोकांकडं बघत होता. तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता.

"अरे, स्वतःच काम केलंय की यांनी," बाळ्या खूश होऊन म्हणाला. "काय डोकं आहे म्हाताऱ्याचं."

म्हाताऱ्यानं बाजूला जायचा प्रयत्न केला, पण बाजूला काही नव्हतं; फक्त चौकट. तो कठड्याला धरून पहिली पायरी चढला. नाही म्हणत मान हलवली आणि दुसरी चढला. वर, दाराच्या कडेवर, काळ्या हातमोज्यातली बोटं येऊन थांबली होती. जवान, दमदार बोटं. वाट बघत होती.

ताईच्या बाजूला कुणीतरी वाकलं. दिग्दर्शकाचा ड्रायव्हर होता, हातात ती पडलेली काठी.

"बाई, साहेब इथंच बसले होते ना? कुठं गेले, पाहिलंत का? काठीशिवाय त्यांना चालता येत नाही हो."

ताईला कळत होतं की एक हाक पुरेल. मागच्या खिडकीत पिक्चर चालवणारा माणूस बसलेला असतो. त्याला ओरडून सांगितलं तर तो थांबवेल. बाजूच्या दाराचा पडदा अजून हलत होता, त्यातून ऊन दिसत होतं. पाठोपाठ गेलं तर गाठता येईल, आई फार लांब गेली नसेल. दोन्ही गोष्टी तिला स्पष्ट दिसत होत्या. सभागृह पुढं झुकलं होतं. बाळ्या झुकला होता, तोंड उघडं टाकून. म्हातारा वरच्या पायरीवर पोचला होता आणि दाराकडं हात पुढं करत होता.

दाराचा पडदा हलायचा थांबला. ऊन मिटलं.

"सरका जरा," ताई ड्रायव्हरला म्हणाली. "दिसत नाहीये."